पाणी सोडून राहिलो

देवरीच्या पुढे जंगल दाट व्हायला लागतं. तिथल्या एका गावात एका घराला ‘पाणीसोड्याचं घर’ म्हणतात. गावाच्या हक्कावर ज्यानं पाणी सोडलं, त्याचं घर. ज्या म्हाताऱ्यावरून हे नाव पडलं त्यानं कशावरही पाणी सोडलं नव्हतं. नाव पडलं ते माझ्या तोंडून निघालेल्या तीन वाक्यांमुळे. पहिलं वाक्य चुकून निघालं. पुढची दोन चुकून निघाली नाहीत.

मी पुण्याचा. युद्ध संपल्यावर एम. ए. करायला नागपूरला आलो. राज्यशास्त्राच्या वर्गात ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ अशा नावाचा एक नवा विषय सुरू झाला होता, आणि तो घेणारे आम्ही एका बाकावर मावू इतकेच होतो. स्वराज्य दाराशी आलं होतं. उद्या देशाला वकील लागतील, राजदूत लागतील, परदेशांशी तह करणारी माणसं लागतील, आणि ती कुठून येणार तर आमच्याच बाकावरून, याबद्दल आमच्यापैकी कुणाला शंका नव्हती. ‘जिनिव्हा’ हा शब्द आम्ही काशीसारखा उच्चारत असू.

आमचे प्राध्यापक विलायतेत शिकून आलेले होते, पण त्यांना नुसत्या पुस्तकाचा कंटाळा होता. एकदा तहांवरचा धडा मध्येच मिटून ते म्हणाले, “दोन राष्ट्रं नदीवरून भांडतात ते तुम्ही पाठ करता. दोन माणसं शेताच्या धुऱ्यावरून भांडताना कधी जवळ बसून ऐकलंय?”

कुणीच ऐकलं नव्हतं.

“मग दिवाळीच्या सुट्टीत जा आणि ऐका. जिनिव्हाचं भाडं विद्यापीठ देणार नाही. गोंदियाचं थर्ड क्लासचं मी देतो.”

त्यांनी जागा मोठी हुशारीनं निवडली होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. त्या जिल्ह्याची पूर्वेची कड जिथे संपत होती तिथून पलीकडे एका संस्थानाचा मुलूख लागे. अलीकडे इंग्रजांचं राज्य, पलीकडे राजाचं. कायद्यानं पाहिलं तर दोन वेगळी राज्यं, आणि मध्ये एक नाला. अलीकडच्या गावात एक जुना मोठा तलाव होता. त्याचं पाणी आधी अलीकडच्या धानाला मिळे, आणि शेवटची पाळी नाल्यातून पलीकडच्या गावाला. त्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नव्हता. पलीकडच्या गावाला धास्ती पडली होती की यंदा आपली पाळी येण्याआधीच तलाव आटेल. म्हणून संस्थानचे तहसीलदार बोलणी करायला येणार होते. वरचं राष्ट्र, खालचं राष्ट्र, आणि पाणी. प्राध्यापकांच्या दृष्टीनं सगळं जग एका तलावाच्या बांधावर मांडून ठेवलेलं होतं.

आम्ही दोघे निघालो. माझा सोबती साकोलीकडचा. त्याची बोली झाडीपट्टीची होती आणि मेसमध्ये आम्ही पुणेकर त्याची त्यावरून फार थट्टा करत असू. तिकडे ‘जातो आहे’ असं म्हणायचं असलं की ‘जाऊन राहिलो’ म्हणतात. तो दारातून म्हणे, “मी लायब्ररीत जाऊन राहिलो.” आम्ही ओरडत असू, “जाऊन तिथंच राहिलास? मग जेवायला कोण येणार?” तो हसून म्हणे, “समजून राहिले तुम्ही, उगाच येडे बनू नका.” म्हणजे आम्हाला ते समजत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मला कुणी अज्ञानाचा फायदा देऊ नये.

गोंदियाच्या स्टेशनावर सगळी हिंदीच कानावर पडली. गिरण्यांतून कोंड्याचा वास येत होता. गाडी बदलून आम्ही आमगावला उतरलो आणि पुढे रेंगीत बसलो. रेंगी म्हणजे हलकी, लहान बैलगाडी. तिच्यात माणूस बसत नाही, उडत राहतो. प्राध्यापक देवरीच्या विश्रामगृहात मुक्कामाला राहिले. “मी तिथं आलो तर सगळे माझ्याशी बोलतील,” ते म्हणाले, “एकमेकांशी बोलणार नाहीत.”

गावात आम्ही ज्यांच्या ओसरीवर उतरलो तेच ते म्हातारे. त्यांच्या पूर्वजांनीच तो तलाव बांधला होता. तलाव बांधणं हाच त्यांच्या जातीचा पिढीजात अभिमान. तलावाच्या बांधाला ते ‘पार’ म्हणत आणि तिच्यावरून चालताना जोडा हातात घेत. पारीच्या पोटात, पाण्याच्या बाजूला, दगडी पायऱ्यांचं एक बांधकाम होतं. त्याला तुडूम म्हणतात. प्रत्येक पायरीला भोक आणि भोकाला लाकडी खुंट. पाणी सोडायचं तेव्हा आधी वरचा खुंट काढायचा, पातळी उतरली की त्याच्या खालचा. खुंट काढायची एक लांब काठी होती, तेल पिऊन काळी झालेली. ती काठी या घरात राहायची. काठी ज्याच्या घरात, त्याच्या शब्दावर गावाचं पाणी. म्हाताऱ्यांच्या आयुष्यात त्या काठीपेक्षा मोठं काही नव्हतं.

ते साधेबिधे मुळीच नव्हते. मोठे फुशारकीखोर होते. पहिल्या संध्याकाळी भात आणि लाखोरीचं वरण वाढता वाढता त्यांनी आम्हाला सांगितलं की हा तलाव आधी बांधला आणि मग देवानं पाऊस निर्माण केला, कारण त्याआधी तो पाडून ठेवणार कुठे? विलायतच्या राणीनं या तलावाची चौकशी केली होती, असंही ते म्हणाले.

“चौकशी कोणापाशी केली जी?” माझ्या सोबत्यानं विचारलं.

“माझ्या बापापाशी. आनखी कोनापाशी करन?”

“आनि बापानं का सांगतलं?”

“सांगतलं, बाई, तुया देशात पानी जास्त हाय, तुले तलाव कायले पायजे?” मग माझ्याकडे वळून, “का जी मास्तर, तुमी शिकून रायले का फिरून रायले?”

कॉलेजातला कुणीही त्यांना मास्तरच होता. मी म्हणालो, फिरून शिकतो आहोत. ते त्यांना आवडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला पारीवर नेलं, खुंट दाखवले, पाट दाखवला, धान पोटरीत आहे म्हणजे काय हे कणसाचं पोट दाबून दाखवलं. पलीकडच्या गावाबरोबरचा करारही सांगितला. जेठ महिन्यात तिकडची माणसं टोपल्या घेऊन येतात आणि पारीवर माती टाकतात. त्याबदल्यात धानाच्या शेवटी त्यांची पाळी. हे कधी ठरलं ते कुणाला माहीत नव्हतं. कुठं लिहिलेलं नव्हतं. मी वहीत घाईघाईनं टिपत होतो. इतका आनंद मला वर्गात कधी झाला नव्हता. पुस्तकातला तह इथे टोपलीत भरलेला दिसत होता.

बोलणीच्या आदल्या दिवशी सोबत्याला हिवताप भरला. दात वाजायला लागले. सकाळी तो उठूच शकेना. दुभाष्या तोच होणार होता, कारण तहसीलदार दक्षिणेकडचे होते. त्यांचं इंग्रजी स्वच्छ आणि हिंदी जेमतेम. म्हाताऱ्यांना मोडकीतोडकी हिंदी येत होती, पण ते हटून बसले होते: “तलाव आमचा, त बोलीबी आमचीच.”

त्यांनी मला विचारलं, “तुले आमची बोली समजते का रे पोरा?”

“समजते की,” मी म्हणालो.

पारीवरच्या मोहाच्या झाडाखाली बैठक बसली. एका अंगाला आमचं गाव, दुसऱ्या अंगाला पलीकडचं. तिकडे गावप्रमुखाला गौंटिया म्हणतात. ते पुढे बसले होते, रुंद खांद्यांचे, अबोल, गोंड माणूस. मधोमध खुर्चीवर तहसीलदार, आणि त्यांच्या बाजूला उभा मी. ज्यांना म्हाताऱ्यांचं बोलणं समजत होतं त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ज्यांना इंग्रजी येत होतं त्यांना म्हाताऱ्यांचं बोलणं समजत नव्हतं. दोन्ही समजणारा एकटा मी, आणि त्या क्षणी मी मनानं जिनिव्हात होतो.

तहसीलदार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, “हे पाणी अडवण्याचा हक्क आपला आहे, असं या गावाचं म्हणणं आहे का?”

मी ते मराठीत विचारलं. म्हाताऱ्यांना प्रश्नाचाच राग आला. ते उठून उभे राहिले.

“अडवाचा सवालच नाई. बापजाद्यापासून आमी त पानी सोडूनच रायलो जी!”

त्याचा अर्थ एवढाच की आम्ही कुठं अडवतोय, आम्ही तर सोडतोच आहोत, पिढ्यान्‌पिढ्या सोडत आलो. पलीकडच्या गौंटियांनी मान डोलावली, कारण त्यांनी तेच ऐकलं. मी वेगळं ऐकलं. माझ्या पुण्याच्या कानाला ‘पाणी सोडणं’ म्हणजे दान देताना हातावरून सोडतात ते पाणी, मालकी संपली असं सांगणारं. ‘सोडून राहिलो’ म्हणजे सोडून देऊन बसलो. हक्कावर पाणी सोडून आम्ही कधीचेच मोकळे झालो!  वरचं राष्ट्र स्वखुशीनं हक्क सोडतंय! ते दिवसच त्यागाच्या गोष्टींचे होते. एका खेड्यातल्या माणसाच्या तोंडून मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं, आणि मेसमधली थट्टा मला आठवली नाही.

मी इंग्रजीत सांगितलं, “या गावानं पाण्यावरचा आपला हक्क वाडवडिलांपासूनच सोडून दिलेला आहे.”

तहसीलदार चकित झाले. त्यांनी विचारलं, “कायमचा?”

मी म्हाताऱ्यांना विचारलं, “कायमचं का?”

“कायमचंच त! का एका सालची गोष्ट हाय?”

तहसीलदार खुर्चीतून उठले आणि त्यांनी म्हाताऱ्यांचा हात हातात घेतला. म्हाताऱ्यांना ते फार आवडलं. राणीनंतर ही दुसरीच चौकशी होती. त्यांनी तहसीलदारांना आपल्या हातानं पान लावून दिलं. दोन्ही गावं खुशीत उठली. मी देवरीला जाऊन प्राध्यापकांना सगळं सांगितलं. ते खोलीत येरझाऱ्या घालू लागले. असं उदाहरण युरोपात नाही, म्हणाले. यावर तू लिही, मी तुझं नाव बाहेरच्या शिष्यवृत्तीसाठी पाठवतो.

सोबत्याचा ताप उतरेना म्हणून आम्ही गावातच थांबलो होतो, आणि काही दिवसांनी संस्थानचा शिपाई माणसं घेऊन पारीवर आला. आमच्या गावच्या निम्म्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, अजून पाणी मिळायचं होतं. शिपाई खालचा खुंट काढा म्हणाला. लोकांनी अडवलं, तर तो म्हणाला, “अब ये पानी रियासत का है. तुम्हारे बुड्ढे ने खुद छोड़ दिया, साहब के सामने.”

आरडाओरडा ऐकून मी पारीवर गेलो, आणि तिथंच मला समजलं. तरी खात्री करायला धावत ओसरीवर आलो. सोबती घोंगडीत पडून होता. मी त्याला म्हाताऱ्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि माझं इंग्रजीही सांगितलं. तो उठून बसला.

“अरे, सोडून राहिलो म्हणजे सोडतो आहे! रोज माझी थट्टा करतोस आणि तुला एवढं समजू नये? जा, सांग सगळ्यांना. आत्ता जा.”

मी निघालो ते सांगायलाच. मनात शब्दही जुळवले होते.

पारीवर म्हातारे येऊन पोहोचले होते. गाव त्यांच्याभोवती गोळा झालं होतं. त्यांचा पुतण्याच सगळ्यांत पुढे होता.

“काका, तू पानी सोडला का?”

“सोडला त! काठी कोनापाशी हाय? मी नाई सोडन त कोन सोडन?”

“पाय, कबूल करून रायला!”

मागून कुणीतरी ओरडलं, “बुढ्या, दारू सोडली असती त बरं झालं असतं, पानी काऊन सोडला?”

“अबे, पानी सोडाचाच असते! पारीत ठेवून का लोनचं घालता?”

लोक हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. दोघेही एकच शब्द वापरत होते आणि वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत होते. मला तेवढंच सांगायचं होतं. मी तोंड उघडणार, तोच मागून खांद्यावर हात पडला. तह प्रत्यक्षात कसा उतरतो हे पाहायला प्राध्यापक स्वतः देवरीहून आले होते.

“हा माझा विद्यार्थी,” ते लोकांना म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. “बैठकीत दुभाष्या हाच होता. याला विचारा.”

पुतण्या माझ्याकडे वळला. “पोरा, तू तती सायबापाशी उभा होतास, आमी त मांगं होतो. सांग. बुढा का म्हटला?”

म्हातारे माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर चिंता नव्हती. आपला साक्षीदार आला असंच त्यांना वाटलं होतं.

मी म्हणालो, “ते म्हणाले, पाणी सोडलं. कायमचं.”

हे दुसरं वाक्य. शब्द तर जवळजवळ त्यांचेच होते. आयुष्यभर मी स्वतःला हेच सांगत आलो, की शब्द त्यांचेच होते.

 म्हातारे म्हणाले, “मास्तर म्हनते त म्हटलाच असन.” हातातली काळी काठी त्यांनी पारीवर आडवी ठेवली. जोडे तसेच हातात घेऊन ते उतारावरून खाली गेले. घराकडे नाही, नाल्याकडे.

आम्ही त्याच दुपारी निघालो. सोबत्याला धरून रेंगीत बसवलं. त्यानं तापातच विचारलं, “सांगितलंस?”

“सांगितलं,” मी म्हणालो. हे तिसरं.

त्यानं डोळे मिटले. पुढे काही वर्षांनी तो गेला. त्याला खरं कधीच कळलं नाही.

शिष्यवृत्ती मला मिळाली. त्याआधी, पंधरा ऑगस्टला, मी नागपुरात होतो. रात्रीपासून रस्ते माणसांनी भरलेले. लोक म्हणत होते, आता संस्थानंही जातील, सरहद्दी पुसल्या जातील. मी टाळ्या वाजवत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे पारीवर आडवी पडलेली ती काठी होती. वाटलं होतं, सरहद्द गेली की माझं वाक्यही जाईल. तसं होत नसतं.

पुढे सरकारी नोकरीत मी देशोदेशी फिरलो. तहाच्या टेबलाशी बसलो. एक सवय मात्र मला लागली आणि तिच्याबद्दल माझे सहकारी हसत. दुभाष्यानं वाक्य सांगितलं की मी म्हणायचो, आता तेच समोरच्याला परत विचारा, वेगळ्या शब्दांत. वेळ जायचा. लोक वैतागायचे. पण दोनदा तरी त्यामुळे भांडण होता होता राहिलं. त्या गावात मी शिकलो ते हे. शिकण्याची किंमत दुसऱ्याच्या घरानं दिली.

परवाच्या उन्हाळ्यात माझ्या नागपूरच्या घरी एक मुलगी आली. विद्यापीठात एम. ए. करते, विषय आंतरराष्ट्रीय संबंध. आता त्यांना अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष काम असतं. कुणी दूतावासात जातं, कुणी निर्वासितांच्या छावणीत. तिनं आपल्याच गावचा तलाव घेतला होता. गावाचं नाव तिनं सांगितलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

“आमच्या घराला पाणीसोडे म्हणतात,” ती म्हणाली. “गावात सांगतात की तेव्हा कॉलेजचा एक मास्तर साक्षीला होता आणि पुढे तो मोठा साहेब झाला. तुम्हाला शोधायला मला सहा महिने लागले. माझ्या पणजोबांनी नेमकं काय म्हटलं होतं?”

तोच प्रश्न. या वेळी मागे प्राध्यापक उभे नव्हते. मी तिला सगळं सांगितलं.  मग तिनं जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी म्हातारे नाला ओलांडून थेट गौंटियांच्या अंगणात गेले होते. बसायला घोंगडं पसरायच्या आतच त्यांनी विचारलं, “तुमी आमचं सारं पानी मागून रायले का?”  गौंटिया म्हणाले, “हमन ला हक नइ चाही, पारी चाही.” आम्हाला हक्क नको, आमची पाळी हवी. दोघे तसेच उठून तलावावर आले. गौंटियांनीच शिपायाला घरी पाठवलं. मग दोघे पारीवर बसले आणि रोजच्या पाण्याची वाटणी ठरवली: सूर्य माथ्यावर येईपर्यंत अलीकडे, उतरेपर्यंत पलीकडे. त्या साली दोन्ही गावांचं धान निसवून पिकलं. गौंटियांनी शब्द दिला गोंडांच्या कचारगडच्या देवाचा आणि म्हाताऱ्यांनी आपल्या तलावाचा. आजही टंचाईच्या साली वाटणी तशीच होते.

म्हणजे जे पाहायला प्राध्यापकांनी आम्हाला पाठवलं होतं ते झालं, दुभाष्याशिवाय झालं, आणि आम्ही तेव्हा रेंगीत बसून आमगावच्या वाटेला लागलो होतो.

“मग काठी परत दिली असेल,” मी म्हणालो.

“नाही दिली. गाव म्हणालं, निभावलं ते ठीक, पण बोलला तर होता ना? साक्षीदार होता. तेव्हापासून काठीचा मान दुसऱ्या घरी. पणजोबा पुढं पारीवर गेले नाहीत.” मग ती म्हणाली, “आजोबा, माझ्यापाशी सांगून काय होते? पारीवर येऊन सांगा.”

मी माझं वय सांगितलं, गुडघे सांगितले. ती म्हणाली, “गाडी आणून राहिली मी. तुम्ही फक्त बसा.”

कार्तिकात गेलो. कोहमाऱ्याच्या नाक्यावर ट्रकांच्या गर्दीत चहा घेतला, देवरीवरून आत वळलो. तलाव होता तसाच होता. मोह वठला होता, दुसरा लावलेला होता. तुडुमावर आता लोखंडी चाक बसवलं आहे. काठी देवळात ठेवलेली असते आणि पाणी सोडायच्या दिवशी ज्याचा मान त्याच्या हातात देतात. लोक जमले होते. मी जोडे हातात घेतले आणि पारीवर चढलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. म्हाताऱ्यांचं वाक्य मी त्यांच्याच बोलीत म्हटलं, जसं ऐकलं होतं तसं, आणि त्याचा अर्थ त्या लोकांना सांगायची गरज पडली नाही.

 मग पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “मंग तवा काऊन नाई सांगतलास?”

“भ्यालो होतो.”

“कोनाले?”

“माझ्या मास्तरांना.”

“बाप्पा! एवढा मोठा सायब, आनि मास्तरले भेला!”

सगळी पार हसली. मीही हसलो असं मला वाटतं. डोळ्यांत पाणी होतं, नीट आठवत नाही. बाई मात्र हसता हसता थांबली. “बुढा मरेपर्यंत त्या कोपऱ्यात बसून राहे,” ती गावाकडे बोट करून म्हणाली, “आनि पानी सुटल्याचा आवाज आयके. हे तुले मालूम असू दे.”

ते मला मालूम झालं. इथं लिहून ठेवलं.

ज्यांच्या घरी आता मान होता ते गृहस्थ, त्या पुतण्याचा नातू, देवळातून काठी घेऊन आले. ती अजून काळीच होती. त्यांनी ती माझ्याकडे नाही, त्या मुलीकडे धरली. कुणीतरी मागून कुरकुरलं की पोरीच्या जातीनं कधी तुडूम उघडलं नाही. म्हातारी बाई त्याच्यावर ओरडली, “तू चूप बस. साठ साल पोट्ट्यायनं उघडून का दिवे लावले?”

मुलीनं काठी पारीला टेकवून ठेवली, ओढणी कमरेला खोचली, पायऱ्या उतरून गेली आणि चाकाला हात घातला. चाक गंजलेलं होतं, हलेना. तिनं पाय रोवला. आतून गडगड आवाज आला. नाल्याच्या पलीकडे त्यांची माणसं वाट पाहत उभी होती. आता तो दुसरा जिल्हा आहे, दुसरं राज्य आहे, पण माणसं त्याच गावची. त्यांच्यातून कुणीतरी हाक दिली, “पानी छोड़त हस का?”

“सोडून रायली!” ती ओरडली.

पलीकडच्यांना ते समजलं. त्यांनी फावडी उचलली आणि ते पाटाकडे चालू लागले.